देवाने आपल्यासाठी काय तयार ठेवलंय? ख्रिस्ती आशेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेचसे प्रश्न बायबल स्टडी संपल्यावर चपला घालता घालता विचारले जातात, काही अंत्यविधीनंतर, आणि काही रात्री एक वाजता मेसेजवर येतात. उत्तरं मी जशी तोंडी देतो तशीच लिहिली आहेत, त्यामुळे कुठे लांबली असतील तर सांभाळून घ्या.

ख्रिस्ती आशा म्हणजे "होईल बहुतेक" असंच ना?

नाही. आपण बोलताना "आशा आहे" म्हणतो तेव्हा त्याला "पण काही सांगता येत नाही" असं एक न बोललेलं शेपूट असतं. नव्या करारातली आशा आधीच घडून गेलेल्या गोष्टीवर उभी आहे. पेत्र "जिवंत आशा" म्हणतो आणि त्याच वाक्यात कारण पण सांगून टाकतो, की येशू मेलेल्यांतून उठला (१ पेत्र १:३). बरं हे तो कोणाला लिहितोय, तर पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात विखुरलेल्या लोकांना, ज्यांची टिंगल आणि छळ चालू होता. आरामात बसलेल्या लोकांना दिलेला तो सुविचार नव्हता.

इब्री ६:१९ मध्ये आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. आपल्याला नांगर म्हटलं की शेत आठवतं, मला पण लहानपणी तसंच वाटायचं आणि मी विचार करायचो की जिवाची नांगरणी कशाला करायची, पण हा जहाजाचा नांगर आहे. तो दिसत नाही, पाण्याखाली कुठेतरी रुतलेला असतो, वर फक्त दोर ताणलेला दिसतो. आणि लाटा थांबवणं हे नांगराचं काम नसतंच. रोममधल्या कॅटाकोंब्समध्ये, म्हणजे जमिनीखालच्या दफनभूमीत, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या माणसांच्या थडग्यांवर नांगर कोरून ठेवलेत, ते याच अर्थाने.

देवाने "तयार केलंय" म्हणजे नक्की काय तयार केलंय? यादी आहे का?

यादी शोधायला मीही बसलो होतो एकदा. ग्रीकमधलं "तयार करणे" हे क्रियापद धरून वचनं वाचत गेलो आणि जे सापडलं त्याने माझी प्रार्थनाच बदलली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

योहान १४:२ मध्ये येशू म्हणतो मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो. इब्री ११:१६ मध्ये देवाने त्यांच्यासाठी नगर तयार केलंय. मत्तय २५:३४ मध्ये जगाच्या स्थापनेपासून तयार केलेलं राज्य. मत्तय २२ मध्ये राजा निरोप पाठवतो की जेवण तयार आहे, या. प्रकटीकरण २१:२ मध्ये नवी यरुशलेम नवरीसारखी तयार होऊन खाली उतरते. आणि जुन्या कराराचं जे प्राचीन ग्रीक भाषांतर आहे त्यात स्तोत्र २३ मध्येही हेच क्रियापद आहे, आपल्या मराठीत तिथे "तू माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस" असं आहे. काय सुंदर भाषांतर आहे ते.

आता हे सगळं शेजारी शेजारी ठेवून बघा. जागा, नगर, राज्य, जेवण, लग्न, ताट. घरी नेऊन ठेवायची वस्तू एक पण नाही यात. सगळीकडे कोणीतरी आपली वाट बघतंय आणि आपण त्याच्यासोबत असणार आहोत. म्हणजे देव स्वतः कुठेतरी बाजूला उभा राहून आपल्याला गिफ्ट पाठवतोय असं चित्र नाहीये, तो घरात घ्यायची तयारी करतोय.

हेच क्रियापद मत्तय २५:४१ मध्येही आहे, अग्नीच्या बाबतीत, पण तिथे तो "सैतान व त्याचे दूत यांच्यासाठी" तयार केलेला आहे असं लिहिलंय. माणसासाठी राज्य तयार केलं गेलं. हा फरक घाईत वाचला की निसटतो.

"डोळ्याने जे पाहिले नाही" हे वचन स्वर्गाबद्दल आहे ना?

अंत्यविधीला वाचतात म्हणून सगळ्यांना तसंच वाटतं. "डोळ्याने जे पाहिले नाही, कानाने जे ऐकले नाही व माणसाच्या मनात जे आले नाही, ते आपणावर प्रीती करणाऱ्यांसाठी देवाने सिद्ध केले आहे", हे १ करिंथ २:९. पौलाने ते यशया ६४ मधून घेतलंय. पण आपण नवव्या ओवीला फुलस्टॉप देतो आणि पुस्तक बंद करतो! दहावी ओवी म्हणते की देवाने ते आपल्या आत्म्याच्या द्वारे आपल्याला प्रकट केलं. झालंय ते. आणि तिथे विषय चाललाय वधस्तंभाचा, की या जगाच्या अधिकाऱ्यांना देवाचं ज्ञान कळलं असतं तर त्यांनी गौरवाच्या प्रभूला वधस्तंभावर दिलंच नसतं. म्हणजे कोणाच्या मनात आलं नव्हतं ते हे, की देव अशा मार्गाने वाचवेल.

मग अंत्यविधीला वाचू नये का? वाचा की. जे आत्ता थोडं उघड झालंय तेच पुढे पूर्ण दिसणार आहे. फक्त "सगळं सस्पेन्स आहे, मेल्यावर कळेल" असा अर्थ काढू नका.

मग आत्ता हातात काय आहे? सगळं उधारीवर?

इथे मराठी बायबलमधला माझा सगळ्यात आवडता शब्द येतो: विसार. पवित्र आत्मा आपल्या वतनाचा विसार आहे (इफिस १:१४, आणि २ करिंथ १:२२ सुद्धा). व्यवहार पक्का करताना आधी देतात तो विसार, आणि तो एकूण रकमेतलाच भाग असतो. म्हणजे नंतर जे मिळणार त्यातलंच थोडं आत्ता. ग्रीकमध्ये इथे "अर्‍राबोन" शब्द आहे आणि आजच्या ग्रीक भाषेत त्याच शब्दापासून आलेला शब्द साखरपुड्यासाठी वापरतात, म्हणजे व्यवहार आणि लग्न दोन्ही एका शब्दात बसलं.

त्यामुळे प्रार्थनेत कधी जी शांती मिळते, कोणाला माफ करवत नव्हतं आणि एक दिवस जमलं, असं काही झालं की मी त्याला विसार म्हणतो. पूर्ण रक्कम नाही, पण खोटी पण नाही.

आशीर्वाद म्हणजे नोकरी, घर, पैसा, आरोग्य असं धरायचं का? आमच्याकडे तर तसंच शिकवतात.

भाकरी मागायला येशूनेच शिकवलं, त्यामुळे नोकरीसाठी प्रार्थना करणं कमी दर्जाचं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. मिळाली तर देवाचे आभार माना. पण "विश्वास ठेव आणि बियाणं म्हणून इतकी रक्कम दे, शंभरपट येईल" हे ज्या मार्क १०:३० वर उभं करतात तिथेच, त्याच यादीत, घरं, भाऊ, बहिणी, शेतं यांच्यासोबत "छळणुकीबरोबर" असा शब्द आहे. तो कोणी बॅनरवर छापत नाही.

आणि पौलाच्या टीमकडे बघा. तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं (१ तीमथ्य ५:२३), त्रफिमाला आजारी असताना मिलेतात मागे सोडून यावं लागलं (२ तीमथ्य ४:२०), पौलाचं स्वतःचं जहाज तीनदा फुटलं (२ करिंथ ११:२५). यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? इफिसच्या पहिल्या अध्यायात ३ ते १४ ओव्या ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे, पौल श्वास न घेता आशीर्वाद मोजत सुटलाय, निवड, दत्तकपण, क्षमा, वतन, आत्मा, आणि त्यात पगाराचा उल्लेख नाही. हे लिहिताना तो बेड्यांत होता.

यिर्मया २९:११ मी भिंतीवर लावलंय. ते माझ्यासाठी आहे का?

राहू द्या भिंतीवर, पण दहावी ओवी पण वाचा. हे पत्र बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना लिहिलंय, इ.स.पू. ५९७ नंतर, आणि हिताच्या संकल्पांच्या आधी देव म्हणतो सत्तर वर्षं. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणारच नव्हते. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं ठीक होईल म्हणून सांगत होता आणि लोकांना तोच आवडत असणार, साहजिक आहे, पण तो खोटा निघाला. यिर्मया मात्र म्हणतो घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आणून टाकलंय त्या शहराचं भलं मागा.

तर हो, जो देव तेव्हा आपल्या लोकांना विसरला नाही तोच आपलाही देव आहे. पण ते वचन तीन महिन्यांत प्रमोशनची गॅरंटी नाही.

मी खूप प्रार्थना केली, उपास केले, तरी नाही मिळालं. माझा विश्वास कमी पडला का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला आधीच कोणीतरी "हो" म्हणून सांगितलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. माझ्या घरातल्या एका आजारपणात आम्हालाही एका माणसाने हेच सांगितलं होतं, आणि ते वाक्य आजारापेक्षा जास्त दिवस टिकलं.

पकडलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने तीनदा तीच प्रार्थना केली, की हा दुःखाचा प्याला टळो. टळला नाही. पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनंती केली, काटा राहिला, उत्तर आलं "माझी कृपा तुला पुरे आहे". येशूचा विश्वास कमी पडला होता का? मग हे गणित तिथेच तुटतं. इब्री ११ वाचताना आपण सिंहांची तोंडं बंद झाली इथे जोरात आमेन म्हणतो, पण ३५व्या ओवीच्या मध्यावर गाडी वळते, दुसऱ्यांचे हाल हाल झाले, दगडमार झाला, करवतीने चिरले गेले, आणि हे सगळे विश्वासाच्याच यादीत आहेत. वर ३९वी ओवी म्हणते की वचन दिलेली गोष्ट यांच्यापैकी कोणालाच मिळाली नव्हती. अब्राहामाने सुद्धा दुरूनच बघून हात हलवला.

रोम ८:२८, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे खरं आहे, पण कल्याण म्हणजे काय ते पुढची ओवी सांगते, पुत्राच्या प्रतिरूपासारखं होणं. हे वचन दुःखात असलेल्या माणसाच्या अंगावर फेकू नका प्लीज. त्याने स्वतः म्हटलं तर वेगळं.

मेल्यावर आपण आत्मा होऊन कायमचे ढगांत राहणार का?

हे चित्र बायबलपेक्षा कॅलेंडरमुळे जास्त पसरलंय. येशूने शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" म्हटलं आणि पौल म्हणतो इथून सुटून ख्रिस्ताजवळ असणं अधिक चांगलं, तेव्हा विश्वासणारा मेल्यावर प्रभूजवळ असतो एवढं बहुतेक मंडळ्या शिकवतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. शेवटची आशा शरीराच्या पुनरुत्थानाची आहे, १ करिंथ १५ पूर्ण वाचा. उठलेल्या येशूने भाजलेला मासा खाल्ला, हाताच्या जखमा दाखवल्या. नायकीया विश्वासांगीकारात, म्हणजे मंडळ्या एकत्र म्हणतात त्या विश्वासाच्या जुन्या कबुलीत, पण मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगाच्या जीवनाची वाट पाहतो असंच आहे.

आणि प्रकटीकरण २१ मध्ये दिशा बघा, माणसं वर उडून जात नाहीत, नगर खाली येतं. त्या नगराची लांबी, रुंदी, उंची सारखीच, बारा हजार स्तादिया, साधारण २२०० किलोमीटर. असा घनाकार बायबलमध्ये आधी कुठे आहे? शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच (१ राजे ६:२०), जिथे वर्षातून एकदा एकटा महायाजक जायचा. आता अख्खं शहरच ते झालंय आणि म्हणून योहानाला तिथे मंदिर दिसत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी बायबल बंद करून नुसता बसून राहिलो होतो.

तिथे आपण एकमेकांना ओळखू का?

मला वाटतं हो. उठलेल्या येशूने नावाने हाक मारल्यावर मरीयेने त्याला ओळखलं, अम्माऊसला निघालेल्या दोघा शिष्यांनी त्याने भाकर मोडताना ओळखलं. ओळखायला वेळ लागला, पण माणूस तोच होता. थेस्सलनीकाच्या लोकांना पौल "त्यांच्याबरोबर" एकत्र घेतले जाल असं लिहून धीर देतो, त्या "त्यांच्याबरोबर"मध्ये ओळख नसेल तर धीर कसला?

पाळीव कुत्रा असेल का?

लहान मुलं विचारतात, आणि मोठी माणसं मुलांच्या नावाने विचारतात. रोम ८:२१ सांगते की सगळी सृष्टी नाशाच्या दास्यातून मुक्त होणार आहे. मी तेवढं सांगतो आणि मुलाला कुत्र्याचं नाव विचारतो.

कायम गाणीच गायची? कंटाळा नाही येणार?

"त्याचे दास त्याची सेवा करतील" असंही लिहिलंय (प्रकटीकरण २२:३), म्हणजे काम आहे, शाप नसलेलं काम. उपासनेत तिसाव्या मिनिटालाही गाणं चालू असलं की आपण घड्याळ बघतो म्हणून वाटतं असं, दोष गाण्याचा असतो कधी कधी.

मुगुट, प्रतिफळ वगैरे सगळ्यांना सारखं मिळणार की कमी-जास्त?

प्रतिफळाबद्दल वचनं आहेत आणि ती गंभीरपणे घ्यावीत. पण द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाचा एक दीनार मिळतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. कोणाला किती मिळणार हा प्रश्न डोक्यात घोळायला लागला की मी स्वतःला त्या कुरकुरणाऱ्यांत उभा दिसतो. प्रकटीकरण ४ मध्ये वडीलमंडळी मुगुट काढून सिंहासनापुढे ठेवतात, त्यामुळे डोक्यावर किती वेळ राहणार हाही प्रश्नच आहे.

मी या लायक नाही. माझं मागचं आयुष्य तुम्हाला माहीत नाही.

नसेल माहीत. पण वतन हा शब्द बघा, वतन कमावत नाहीत, ते बापाकडून येतं. आणि ज्याला सगळ्यात आधी "आज" असं वचन मिळालं तो वधस्तंभावरचा गुन्हेगार होता, ज्याला बाप्तिस्मा, सेवा, दशांश, नुकसानभरपाई, काहीच करायला वेळ उरला नव्हता.

माझे वडील विश्वास न ठेवता गेले. मग ही आशा मला कशी आनंद देईल?

इथे मी पटकन बोलत नाही. कोणाच्या शेवटच्या श्वासात त्याच्या आणि देवाच्या मध्ये काय झालं हे बाहेरून दिसत नाही, आणि तारण ख्रिस्तातच आहे हेही मी पातळ करणार नाही. दोन्ही धरून मी अब्राहामाच्या प्रश्नाशी थांबतो, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? (उत्पत्ती १८:२५). तुम्ही वडिलांवर जितकं प्रेम करता त्याहून देवाचं प्रेम कमी आहे असं मात्र समजू नका. आणि रडा. पौल "आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका" म्हणतो, खेदच करू नका असं म्हणत नाही. येशू स्वतः लाजराच्या थडग्याजवळ रडला, आणि दहा मिनिटांत त्याला उठवणार आहे हे माहीत असताना रडला.

हे सगळं म्हणजे इथल्या प्रश्नांपासून पळवाट नाही का?

होऊ शकते, झालेलीही आहे, "वर मिळेल" म्हणून गरिबाला गप्प बसवणाऱ्यांनी ती तशी वापरलीय. पण १ करिंथ १५, पुनरुत्थानावरचा एवढा मोठा अध्याय, संपतो कुठे? तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, कामात वाढत जा. आणि मगाशी जे "तयार करणे" सांगितलं ना, त्याचंच एक रूप इफिस २:१० मध्ये आहे, आपण करावीत म्हणून देवाने आधीच तयार करून ठेवलेली सत्कृत्यं. म्हणजे पुढचं घर तयार आहे तसं उद्याचं काम पण तयार आहे.

येशू कधी येणार? अजून किती वाट बघायची?

तारीख सांगणाऱ्यापासून लांब राहा. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती, लोक जागून वाट बघत बसले आणि सकाळ नेहमीसारखी झाली. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही हे मार्क १३:३२ मध्ये आधीपासून छापलेलंच होतं.

मला आशा वाटतच नाही. कोरडं झालंय सगळं. मी काय करू?

आधी हे, की झोप, भूक गेली असेल, जगू नये असं वाटत असेल तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरकडे जा. तो अविश्वास नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने उपदेश केला नाही, दूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं आणि झोपू दिलं, दोनदा.

दुसरं, आशा वाटणं आणि आशा असणं यात फरक आहे, नांगराचं आठवा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी गोड वळण नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. विलापगीत ३ मध्ये ६६ ओव्या आहेत आणि "तुझी दया रोज सकाळी नवी" हे विसाव्या ओवीनंतर येतं, त्याच्या आधी सगळी तक्रार, आणि नंतर परत रडणं. त्या माणसाने आशा मनात "आणली", म्हणजे ती आपोआप आली नव्हती. तुम्हाला जमत नसेल त्या दिवशी दुसऱ्या कोणाला तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.

शेवटच्या दिवसांत असलेल्या माणसाजवळ बसून काय वाचू?

योहान १४ च्या पहिल्या तीन ओव्या, स्तोत्र २३, प्रकटीकरण २१ मधल्या पहिल्या पाच. एका वेळी एकच, हळू, मोठा उपदेश नको. "राहण्याच्या जागा" असा जो शब्द योहान १४:२ मध्ये आहे तो ग्रीकमध्ये नव्या करारात फक्त दोनदाच येतो, दुसऱ्यांदा त्याच अध्यायात २३व्या ओवीत, जिथे पिता आणि पुत्र आपल्याकडे येऊन वस्ती करतील असं आहे, तर ती ओवी पण वाचा, कारण जो माणूस आता अंथरुणावरून हलू शकत नाही त्याला कुठे जायचं नाहीये, ते आधीच आलेत. हात धरा. डोळे मिटलेले असले तरी वाचत राहा, ऐकू येत असतं बरेचदा. आणि त्यांना एखादं जुनं गीत आवडत असेल तर सूर लागो न लागो, म्हणा.